अजून कान तयार नाहीत

"मला मधुमेह आहे," असं चारचौघांत सांगितलं की लोक चुकचुकतात, पुढे केलेला पेढा मागे घेतात आणि विषय बदलतात. "मला कोल्डप्ले कळत नाही," असं सांगितलं की मात्र विषय तिथूनच सुरू होतो. समोरच्याचा चेहरा आधी दुखावलेला, मग दयाळू आणि शेवटी डॉक्टरी होतो. "कुठलं ऐकलंत?" हा पहिला प्रश्न. उत्तर काहीही द्या, ते चुकलेलंच असतं. "छे, ते नवं! नवं सगळं पाणचट. सुरुवातीचं ऐका." सुरुवातीचं ऐकून येईपर्यंत दुसरा भेटतो. "ते कशाला ऐकलंत? रडकं आहे ते. नवं ऐका." तिसरा विचारतो, "कशावर ऐकलंत?" मोबाइलवर म्हटलं की तो कपाळाला हात लावतो. "अहो, हेडफोन चांगले हवेत." हेडफोन आणावेत तर चौथा म्हणतो, "हेडफोनवर काय कळणार? लाइव्ह ऐकायला पाहिजे." लाइव्हची तिकिटं २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होती. "परवडत नाही हो," मी म्हटलं. "मग कसं कळणार?" तो म्हणाला.

संगीत कळायला कान लागतो असं मी समजून चाललो होतो. फॉर्म सोळा लागतो, हे मला नवीन होतं.

हे दुखणं घेऊन मी नाशिकला किंवा साताऱ्याला राहत असतो तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण मी राहतो नेरूळला, डी. वाय. पाटील स्टेडियमपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. फ्लॅट घेताना एजंटाने स्टेशन जवळ, भाजी जवळ, शाळा जवळ असं सगळं सांगितलं होतं. जगातले नामांकित गायक पुढेमागे आपल्या उशाशी येऊन गातील, हे त्याने सांगितलं नव्हतं. नाही तर तेवढ्यासाठी त्याने चौरस फुटामागे आणखी दोनशे रुपये लावले असते.

२००८ साली पहिल्या आयपीएलची फायनल इथे झाली तेव्हा आम्हाला कौतुक वाटलं. क्रिकेटचा आरडाओरडा निदान कळतो. विकेट गेली की षटकार गेला, हे उशीत तोंड खुपसूनही सांगता येतं. मग १० मे २०१७ ला जस्टिन बीबर आला. त्याच्या मागण्यांची म्हणून एक यादी त्या दिवसांत पेपरांतून फिरत होती. ती वाचून ही म्हणाली, "तुमच्या भावाच्या लग्नात वरपक्षानं एवढं मागितलं नव्हतं." कार्यक्रमानंतर ओरड झाली की गाणी आधीच रेकॉर्ड केलेली होती आणि तो बरीचशी नुसता ओठ हलवत होता. तिकीट न काढलेला माणूस अशा वेळी किती प्रसन्न दिसतो, ते मी आरशात पाहिलं. १५ डिसेंबर २०१९ ला यू-टू आले. त्यांच्याबरोबर ए. आर. रहमानही मंचावर आला, त्यामुळे "म्हणजे बरं असणार" असा निर्णय आमच्या मजल्यावर एकमताने झाला.

पण कोल्डप्लेची गोष्ट निराळी. ती सुरू झाली पितृपंधरवड्यात.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. दुपारी बारा वाजता तिकीटविक्री सुरू होणार होती आणि नेमकं त्याच दिवशी पुण्याला माझ्या साडूंच्या घरी त्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. साडूंची मुलगी, म्हणजे हिची भाची, कोल्डप्लेची भक्त. तिने घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर तिकिटांचं पान उघडून ठेवलं होतं आणि कोणी त्याला बोट लावायचं नाही अशी ताकीद दिली होती. पानं मांडली होती, गुरुजी संकल्प सांगत होते आणि पाटावर बसलेल्या साडूंच्या मांडीवर फोन होता. बाराला साइट बसली. पुन्हा उठली तेव्हा भाचीच्या फोनवर तिचा रांगेतला नंबर आला. तो सहा आकडी होता.

"म्हणजे आपल्यापुढे किती जण?" मेहुणीने विचारलं.

"अख्खं कोल्हापूर," भाची म्हणाली आणि रडायला लागली.

गुरुजींनी मंत्र थांबवले. आता हे रागावणार असं आम्हाला वाटलं. त्यांनी कनवटीचा स्वतःचा मोबाइल काढला आणि म्हणाले, "माझाही लावून बघा. आमच्या धाकटीलाही पाहिजे आहे." मग दहा-पंधरा मिनिटं दर्भाची अंगठी घातलेल्या बोटाने ते पान खाली ओढत राहिले. मी काकघास घेऊन गच्चीत गेलो. एरवी या कामाला अर्धा तास मोडतो; हाका मारून घसा बसतो, शेजारी पाहतात. त्या दिवशी कावळा जणू वाटच पाहत होता. वडा उचलून गेलासुद्धा. खाली येऊन पाहतो तर रांग जागची हलली नव्हती. पणजोबांपर्यंत सगळे तृप्त झाले होते, नात तेवढी अतृप्त होती.

त्या दिवशी १८ आणि १९ जानेवारीचे कार्यक्रम हातोहात गेले, २१ चा जादा कार्यक्रम जाहीर झाला आणि संध्याकाळपर्यंत काळ्या बाजारात तिकिटाचे भाव लाखांत गेल्याच्या बातम्या आल्या. भाचीला कुठल्या तरी दैवी योगाने दोन तिकिटं मिळाली. तिने पहिला फोन मैत्रिणीला केला, दुसरा मावशीला.

"मावशी, तुम्ही अजून नेरूळलाच राहता ना?"

हा प्रश्न पुढचे चार महिने मला इतक्या नातेवाइकांनी विचारला की आपली बदली झालीय की काय अशी मलाच शंका यायला लागली. ज्यांनी आमच्या वास्तुशांतीला यायचं टाळलं होतं, ज्यांना "हार्बर लाइन लांब पडते" ही अडचण वीस वर्षं होती, त्यांना नेरूळ एकदम जवळ वाटू लागलं. हॉटेलांचे दर ऐकून आलेली ही माया होती. हिच्या चुलतभावाने सरळच विचारलं, "तुमच्या गॅलरीतून दिसतं का हो?"

"स्टेडियमचे दिवे दिसतात," मी म्हणालो.

"चालेल."

सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी 'गच्चीची किल्ली कोणालाही मिळणार नाही' अशी सूचना टाकली. खाली एकाने 'पाहुण्यांकडून मेंटेनन्स घ्यावा' असं सुचवलं. त्याला बरेच अंगठे पडले. मग कळलं की सेक्रेटरींच्याच घरी अकरा पाहुणे उतरणार आहेत, आणि तो ठराव बारगळला.

जानेवारी जवळ आला तशी भाचीने माझी शिकवणी सुरू केली. तिच्या मते मावशीच्या घरात राहायचं आणि मावशीच्या नवऱ्याला कोल्डप्ले कळत नाही, हे बरं दिसणार नव्हतं. पहिला धडा 'यलो'. २००० सालचं गाणं, यानेच ते प्रसिद्ध झाले. तिने मला त्याचा व्हिडिओ दाखवला. पहाटेची वेळ, इंग्लंडमधला समुद्रकिनारा, पाऊस. ख्रिस मार्टिन नावाचा एक मुलगा वाळूतून चालत येतो. येतो तो येतोच. गातो आणि चालतो. मी वाट पाहत होतो की आता कोणी तरी भेटेल, बोट दिसेल, निदान छत्री उघडेल.

"पुढे काय होतं?"

"काही नाही. उजाडतं."

"आणि पिवळं काय आहे त्यात?"

"काका, ते फील करायचं असतं."

दुसरा धडा 'व्हिवा ला व्हिडा'. यात राजवाड्यातल्या घंटांसारखं काही तरी वाजतं आणि मग पन्नास हजार माणसं शब्द सोडून नुसता ओ लावतात. आमच्याकडे गवई आकार लावतात, यांच्याकडे ओकार. या गाण्याची चाल माझी आहे म्हणून जो सॅट्रिआनी नावाचा गिटारवादक कोर्टात गेला होता. २००९ साली ते प्रकरण मिटलं. ही हकिगत मात्र मला फार आवडली. गाणं कळलं नाही तरी खटला कळतो, हा माझ्या कारकुनी नोकरीचा गुण.

तिसरा धडा 'हिम फॉर द वीकेंड'. हा व्हिडिओ मुंबई-वसईकडे चित्रित केलेला, २०१६ चा. साधू, होळीचे रंग, मोर, टॅक्सी आणि मधूनच सोनम कपूर. मी सोनम कपूरला ओळखलं म्हणून भाचीला वाटलं मला कळायला लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते बीकेसीत येऊन गाऊनही गेले होते. त्याला ती गेली होती का, असं विचारलं तर तिने बापाकडे रागाने पाहिलं. नोटबंदी होऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि साडूंनी त्या शनिवारी तिला स्वतःच्या जागी एटीएमच्या रांगेत उभं केलं होतं.

चौथा धडा 'फिक्स यू'. हे गाणं ऐकून सगळे रडतात, असं मला आधीच सांगण्यात आलं. मला सोफ्यावर मध्ये बसवलं, कानांत हेडफोन घातले आणि भाची व तिची मैत्रीण समोर मोढ्यांवर बसून माझ्या डोळ्यांकडे पाहू लागल्या. दोन तरुण मुली दीड फुटांवरून टक लावून पाहत असताना रडणं किती अवघड असतं, हे ज्याला पाहायचं असेल त्याने पाहावं. ऑर्गन वाजत होतं. मी पापण्या मिटल्या, उघडल्या.

"येतंय?"

"काय?"

"रडू."

मला खोकला आला. तोही मी दाबला, कारण भाचीने बोट ओठांवर ठेवलं होतं. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "ग्वेनेथ पॅल्ट्रोचे वडील गेले तेव्हा ख्रिसनं हे तिच्यासाठी केलंय."

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बघा. बायकोचे वडील गेले तर तो काय करतो. माझे बाबा गेले तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"मी तेराव्याचा केटरर ठरवला," मी म्हणालो. खरं सांगायचं तर दोनशे पानांचा माणशी दर तीस रुपयांनी खाली आणला होता. पण त्याला ग्रॅमी नसतं.

एवढं झाल्यावर मी शांत बसायला हवं होतं. पण न कळणाऱ्याचा एक वेगळा माज असतो. ज्याला आवडतं तो नुसता ऐकतो आणि कामाला लागतो. ज्याला कळत नाही तो अभ्यास करतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना हिमेश रेशमिया अजिबात सहन होत नाही. 'आशिक बनाया आपने' २००५ साली आलं. तेव्हापासून ते हे सांगताहेत, आणि सांगताना त्याच्या एकूण एक गाण्याचा मुखडा नाकातून म्हणून दाखवतात. हिमेशच्या चाहत्यांनाही इतकी गाणी पाठ नसतील. आमच्या वडिलांना आर. डी. बर्मन कळत नसे. "हा गातो की गुळण्या करतो?" असं म्हणत ते रेडिओ बंद करायला उठायचे, आणि खोलीच्या दारापासून रेडिओपर्यंतचं अंतर बरोबर गाणं संपेपर्यंत कापायचे. याच्या उलट, १ नोव्हेंबर १९९६ ला मायकल जॅक्सन अंधेरीला आला तेव्हा आमच्या ऑफिसातला कॅशियर रजा टाकून गेला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, नाचता येत नव्हतं. सोमवारी तो ऑफिसात शिरला तो उलटा, पाय मागे घसरत, आणि थेट साहेबांच्या टेबलाला धडकला. त्याला कोणी "तुला काय कळलं?" असं विचारलं नाही. विचारण्याची गरजच नव्हती. माझ्या हिच्या दुसऱ्या एका भाचीचं बीटीएसचं असंच आहे. ती पोरं कोरियाच्या सैन्यात सक्तीच्या नोकरीला गेली तेव्हा तिने दोन वेळचं जेवण सोडलं होतं. सातही जणांच्या जन्मतारखा तिला तोंडपाठ. पणजोबांचं नाव विचारलं तर ती आईकडे बघते.

तर मी अभ्यासाला लागलो, आणि मला खजिना सापडला. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक जॉन पॅरेलिस यांनी २००५ सालीच लेख लिहून कोल्डप्लेला दशकातला सर्वांत असह्य बँड ठरवलं होतं. त्याआधी ओएसिसला पुढे आणणाऱ्या ॲलन मॅगी यांनी तर हे अंथरूण ओलं करणाऱ्यांचं संगीत आहे, असं म्हटलं होतं. मी त्या दोघांना मनोमन नमस्कार केला. आजवर मी एकटा होतो, आता माझ्या बाजूला न्यूयॉर्क आणि लंडन होतं. मी चष्मा लावून भाचीला सगळं वाचून दाखवलं.

"काका, २००५?" ती म्हणाली. "तेव्हा मी दुसरीत होते. त्यानंतर वीस वर्षं ते स्टेडियमं भरताहेत, सात ग्रॅमी आहेत. आणि तुम्ही रात्री एक वाजता हे शोधत बसलात?"

"साडेबारा."

"तुम्हीच खरे फॅन आहात."

मला सगळ्यात बुचकळ्यात टाकायचं ते हे, की हे भक्त गाण्याविषयी सोडून बाकी सगळं सांगत. गाणं कसं आहे, असं विचारलं की उत्तर येई, "एका तिकिटामागे ते एक झाड लावतात." स्वर कसा आहे? "प्रेक्षकांनी सायकली मारून वीज तयार करायची सोय असते." चाल? "जमीन अशी केलीय की उड्या मारल्या की करंट तयार होतो." म्हणजे ३५,००० रुपये द्यायचे, उड्या मारून त्यांच्या दिव्यांची वीज आपणच तयार करायची आणि वर आभारही आपणच मानायचे. महावितरणने हे उगाच पाहू नये. "मग झाडंच विकत घेतली असती तर?" असं मी एकदा म्हणालो. तेव्हापासून हिने मला भाचीसमोर बोलायची बंदी केली.

माझा सगळा भरवसा होता तो साडूंवर. साडू म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवातली जुनी खुर्ची. १९५३ पासून चालत आलेला तो महोत्सव त्यांनी विद्यार्थी असल्यापासून चुकवलेला नाही. शाल, थर्मास, मागच्या वर्षीची पुस्तिका आणि पुढच्या रांगेतल्या माणसाबद्दल तक्रार, एवढं सामान घेऊन ते डिसेंबरात तिथे जाऊन बसतात. भीमसेन गेल्यापासून त्यांनी कोणालाही पूर्ण माफ केलेलं नाही. मुलगी आणि ते यांच्यात गेली दहा वर्षं गाण्यावरून बोलणं बंद होतं. गाडीत ती पुढे बसली तर तिचं लागायचं, ते बसले तर त्यांचं, म्हणून मेहुणी पुढे बसायची आणि रेडिओवर बातम्या लावायची.

आता इथे मला एक सांगायला हवं. मला साडूंचंही कळत नाही. त्यांनी मला दोनदा सवाईला नेलं. एकदा मी मटारकरंजीच्या स्टॉलपाशी जास्त वेळ होतो, आणि एकदा एका विलंबित ख्यालात माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा तीच ओळ चालू होती. "कसं वाटलं?" साडूंनी विचारलं. मी "छान" म्हणालो. "तुमचा कान अजून तयार नाही," ते म्हणाले. मग त्यांनी औषधं सांगितली: आधी छोटे ख्याल ऐका, मग म्हणाले, नको, सरळ मोठेच ऐका. रेकॉर्डवर ऐकू नका. बैठकीत ऐका. जुनं ऐका. तेव्हा हिशेब असा की दोन्ही बाजूंना मी सारखाच ढ. मला कळतात ती रेडिओवरची साडेतीन मिनिटांची गाणी, दोन कडवी आणि मध्ये बासरी. पण साडूंपुढे मी हे कधी बोललो नाही, कारण कोल्डप्लेविरुद्ध ते आमच्या पक्षाचे भारदस्त नेते होते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून नेरूळमध्ये पोलीस, अडथळे आणि काळ्या टी-शर्टातली मुलं. दुपारी मैत्रिणीचा फोन आला: ताप एकशे तीन. एक तिकीट मोकळं झालं. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी तत्त्व म्हणून नकार दिला. तत्त्वाला गुडघेदुखीचा पाठिंबा होता. "विकून टाक," हिचा चुलतभाऊ म्हणाला आणि त्याने काळ्या बाजारातला भाव सांगितला. साडू पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला. "मुळात किती रुपये दिलेत?" भाचीने आकडा सांगितला. साडूंनी मनातल्या मनात त्याला सवाईच्या सीझन तिकिटाने भागलं. उत्तर पूर्णांकात आलं नसावं, कारण त्यांना थोडा घाम आला.

"फुकट घालवायचं नाही," ते उठत म्हणाले. "मी जातो."

त्यांनी शाल घेतली. नवी मुंबईत जानेवारीत शाल लागत नाही, असं सांगून पाहिलं. थर्मास घेतला, तो गेटवर ठेवून घेतला. चिवड्याचा डबाही ठेवून घेतला. "चिवड्यानं काय स्फोट होतो का?" इथपर्यंतचा संवाद भाचीने नंतर सांगितला, पुढचं ती लाजेने दुसऱ्याच रांगेत जाऊन उभी राहिल्यामुळे तिला माहीत नाही.

इकडे आमच्या गॅलरीत पाहुण्यांनी खुर्च्या मांडल्या. हिने पोहे केले. वारा आमच्या बाजूला आला की धड धड असा आवाज यायचा, खाडीकडे वळला की नुसता गलका. आकाश जांभळं झालं, मग हिरवं. चुलतभाऊ "हे यलोच!" असं दर पाच मिनिटांनी म्हणत होता. मग अचानक गाणं स्वच्छ ऐकू यायला लागलं. पियानो, आवाज, शब्द, सगळं. गॅलरीत शांतता पसरली. चुलतभावाच्या बायकोने डोळे मिटले. मलाही प्रथमच वाटलं, नाही, यात काही तरी आहे. गाणं रंगात आलेलं असताना मध्येच सांधेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने गॅलरीत ब्लूटूथ स्पीकर ठेवला होता.

स्टेडियममधून बापलेक परत आले ते हातात हात घालून. ही गोष्ट मेहुणीने त्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसानंतर पाहिली नव्हती. साडूंच्या शालीवर रंगीत कागदाच्या चिंध्या चिकटल्या होत्या. ते सोफ्यावर बसले, पाणी प्यायले आणि आमचा पक्ष त्यांनी त्याच मिनिटाला सोडला.

"मुलगा सुरात आहे," ते म्हणाले. "षड्ज स्वच्छ. वर गेला की आवाज पातळ करतो, पण फाटू देत नाही. तबलजी, म्हणजे तो मागचा ड्रमवाला, ठेका सोडत नाही. मराठीतही बोलला दोन वाक्यं. आपल्या बिल्डरपेक्षा बरं मराठी आहे."

"पण गाणं कळलं का?" मी क्षीणपणे विचारलं.

"अहो, ऐका तर! एक गाणं सुरू झालं, अगदी रंगात आलं आणि त्यानं थांबवलं. म्हणाला, फोन खिशात ठेवा, आता नुसतं ऐकू या. आणि पन्नास हजार माणसांनी फोन ठेवले! सवाईत मी पुढच्या माणसाला हे हात जोडून सांगतो, तर तो माझाच फोटो काढतो." त्यांचा आवाज भरून आला. "आणि ते मनगटी पट्टे! आपल्या हातातला दिवा बरोबर समेवर पेटतो. समेवर! आमच्याकडे निम्मे लोक भलत्या मात्रेवर मान हलवतात. इथे चुकायची सोयच नाही. आपण चुकलो तरी हात बरोबर दाद देतो. असे पट्टे सवाईला पाहिजेत."

"पट्टा कुठाय?" ही म्हणाली.

"परत दिला. द्यायचाच असतो. कुठल्या शहरानं शेकडा किती परत दिले ते पडद्यावर लावतात. टोकियो वगैरे नव्वदच्या पुढे आहे."

"बाबांनी फक्त स्वतःचा नाही दिला," भाची म्हणाली. "गेटपाशी उभे राहून पोरांचे काढून घेत होते. 'ए, पट्टा काढ. तुझ्या बापाचाय का?' लोकांना वाटलं हे आयोजकांकडचे आहेत. दोघांनी त्यांना बाथरूम कुठे आहे ते विचारलं."

"फक्त 'फिक्स यू'ला रडले नाहीत," ती पुढे म्हणाली. "आजूबाजूचे सगळे रडत होते. हे चप्पल शोधत होते."

"ते ठीक होतं गाणं. बंदिश जरा मोठी हवी होती," साडू म्हणाले. मग दोघेही एकदम माझ्याकडे वळले. दहा वर्षं ज्यांचं एका गाण्यावर एकमत झालं नव्हतं, त्यांचं माझ्यावर झालं.

"काकांनी लाइव्ह ऐकायला हवं होतं."

"त्यांचा प्रश्न तो नाही गं. त्यांचा मुळात कान तयार नाही."

"मग डिसेंबरात आपण यांना सवाईला नेऊ. मीही येते."

"येशील?" साडू म्हणाले. "मग आधी यांना अहमदाबादला नेऊ. २५ आणि २६ ला तिथे आहे ना? पेपरात होतं, बांद्र्याहून अहमदाबादला जादा गाडी सोडणार आहेत."

"२६ चा मोबाइलवर थेट दाखवणार आहेत," मी म्हणालो. "घरी बसून..."

"मोबाइलवर काय कळणार?" दोघे एका सुरात म्हणाले. साडूंनी चष्मा चढवला आणि खिशातून पेन काढलं. "गाडीचं बघ. मी आणि काका, दोघेही साठीच्या पुढचे. ज्येष्ठ नागरिकांची सवलत धरून किती पडेल?"

"ती सवलत बंद झालीय बाबा. २०२० पासूनच."

साडूंचं पेन हातातच राहिलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "म्हणजे पूर्ण भाडं?" ते म्हणाले, आणि चष्म्याआडचे त्यांचे डोळे हळूहळू भरून आले.

"आलं! आलं!" भाची टाळ्या वाजवत ओरडली. "मावशी, लवकर बाहेर ये, बाबांना रडू आलं!"